लाल दिवा विझेपर्यंत

नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून खोपोलीच्या शिळफाट्यावर माझ्या घरी मुलं येऊ लागली आहेत. 8 ऑक्टोबर 2025ला उद्घाटन झालं, 25 डिसेंबरपासून प्रवासी विमानं उडू लागली, आणि खोपोली, खालापूर, चौक, कर्जत या पट्ट्यातल्या बारावी किंवा आयटीआय झालेल्या मुलामुलींच्या तोंडी लोडर, रॅम्प, ग्राउंड हँडलिंग असे शब्द आले. विमानतळ आपल्याच जिल्ह्यात. शिळफाट्यावरून पनवेलची गाडी पकडली की पुढे फार लांब नाही. आमच्या वेळी खोपोली लोकलने दादर, तिथून गाडी बदलून सांताक्रूझ, आणि रात्रपाळी संपली की कर्जतच्या फलाटावर खोपोलीच्या गाडीची वाट बघत बसणं. या मुलांचा तो त्रास वाचणार, याचा मला मनापासून आनंद आहे.

ती विचारतात: पगार किती, कंत्राटावर घेतात की कायम, इंग्रजी किती लागतं. धोक्याचं सहसा कोणी विचारत नाही. मीच तो विषय काढला तेव्हा एक मुलगा म्हणाला, “काका, येवढं मोठं इंजिन, येवढा आवाज. चालू हाय का बंद, ते कळणार नाय का?”

नाही कळणार. सगळी नोकरी मी हेच शिकत आलो.

मी आयटीआय फिटर. विमानांच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस म्हणून लागलो, पुढे लाइन मेंटेनन्सला गेलो. म्हणजे विमान बेवर, आपल्या थांब्याच्या जागी, उभं असताना त्याची तपासणी करायची, बारीकसारीक दुरुस्ती करायची आणि त्याला रवाना करायचं. खोपोलीच्या पोराला टर्बाइनचं अप्रूप नसतं. टाटांचं वीजघर 1915पासून इथे आहे. लोणावळा-वळवणचं पाणी घाटावरून मोठ्या नळांतून खाली येतं आणि त्यावर चाकं फिरतात, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. पण तिथे फिरणारं सगळं पोलादी कवचाच्या आत असतं. विमानाच्या इंजिनाचं तोंड उघडं असतं. जाळी नाही, झडप नाही. जाळी लावली तर हवा अडते, तिच्यावर बर्फ धरतो, आणि तिचाच तुकडा आत जायची भीती. म्हणून तोंड उघडंच ठेवायचं आणि माणसाने लांब राहायचं.

आवाजाचं म्हणाल, तर बेवर कधी एकच आवाज नसतो. शेजारच्या विमानाचा एपीयू, म्हणजे शेपटीतलं छोटं इंजिन, चालू असतं. पलीकडे कोणी टॅक्सी करत चाललेलं असतं, विमानाला जमिनीवरून वीज देणारी जीपीयूची गाडी धडधडत असते, ट्रॅक्टर असतात. कानांवर मफ. या सगळ्यात समोरचं इंजिन चालू आहे की नाही, हे कानाने ठरवायला गेलात तर फसाल. मी लागलो तेव्हाची जुनी 737-200 विमानं लांबूनसुद्धा छातीत धडका मारायची. नवी इंजिनं त्या मानाने शांत झाली, प्रवाशांसाठी आणि विमानतळाशेजारच्या वस्तीसाठी ते चांगलंच झालं. पण त्याच वेळी पंखा मोठा होत गेला. ए320च्या जुन्या व्ही2500 इंजिनाचा पंखा सुमारे 1.6 मीटर व्यासाचा होता, आताच्या लीप इंजिनाचा जवळजवळ 2 मीटर. 777वरच्या जीई90-115बी इंजिनाचा तर सव्वातीन मीटर. नुसत्या आयडलवर, म्हणजे इंजिन जेमतेम चालू असतानासुद्धा, ए320च्या आकाराच्या इंजिनाचा पंखा मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे घेतो आणि पाती दिसेनाशी होतात. म्हणून तर मधल्या टोपीवर पांढरी वळणदार रेघ रंगवलेली असते. ती गरगरताना दिसली की समजायचं.

ओढीचं गणित मला आमच्या एका फोरमननी शिकवलं. कॅन्टीनमध्ये वीज गेली होती, टेबलावर मेणबत्ती होती. ते म्हणाले, फुंकर मार. ज्योत विझली. परत पेटवली आणि म्हणाले, आता तोंड तिथेच ठेव आणि श्वास आत ओढ. ज्योत हललीसुद्धा नाही. तोंडातून बाहेर टाकलेली हवा एका झोतात सरळ जाते, पण आत ओढलेली हवा चहूबाजूंनी येते, त्यामुळे थोड्या अंतरावर तिचा पत्ताच लागत नाही. इंजिनाचं तेच. मागच्या बाजूला झोत लांबूनच कळतो, अंगावर येतो, माणूस आपोआप बाजूला होतो. पुढच्या बाजूला मात्र काही जाणवत नाही. आणि जवळ जाल तसं अंतर निम्मं झालं की हवेचा वेग चौपट होतो. चार मीटरवर शर्टाची बाही जेमतेम हलते, दोन मीटरवर पाऊल सरकतं, त्याच्या पुढे माणसाच्या हातात काही राहत नाही. 737च्या बाबतीत आयडलला तोंडासमोर आणि बाजूंना साधारण 3 मीटरपर्यंत धोका, ताकद वाढवली की 4 मीटरच्या वर, जोराचा वारा असेल तर आणखी. तोंडाच्या कडेच्या मागेही सव्वा-दीड मीटर धोका असतो, हे नव्या माणसाला पटतच नाही. त्याला वाटतं, आपण बाजूला उभे आहोत.

म्हणून इथे शरीराला जे जाणवतं त्यावर चालायचं नाही. खुणेवर चालायचं. फोरमन नव्या मुलांना बंद विमानापुढे नेऊन खडूने जमिनीवर अर्धगोल आखायचे आणि त्या रेषेवर उभं करायचे, नुसतं बघत. मुलं कंटाळायची. पण तो अर्धगोल डोळ्यांत बसला की पुढे तो न आखताही दिसतो. मला आजही रस्त्यावरच्या पोस्टरवर विमानाचं चित्र दिसलं तरी दिसतो.

पावसाळ्यातली एक गोष्ट सांगतो. विमान पुशबॅक होऊन, म्हणजे ट्रॅक्टरने मागे ढकललं जाऊन, उभं होतं, इंजिनं सुरू झालेली, आडवा पाऊस. टोळीतल्या एका मुलाची पावसाळी टोपी उडाली आणि इंजिनाच्या दिशेने घसरत गेली. तो तिच्यामागे धावला. त्याला काही कळत नव्हतं असं नाही. हाताची सवयच तशी असते, आपली वस्तू पडली की वाकायचं. त्याच्या मागच्या ट्रॅक्टरवाल्याने त्याला रेनकोटाच्या गळ्याला धरून मागे खेचलं, दोघंही ओल्या काँक्रीटवर आपटले. टोपी आत गेली. इंजिन बंद, प्रवासी खाली, आत दुर्बीण घालून एकेक पातं तपासणं, विमान कित्येक तास अडकलं. वरच्या मंडळींत चर्चा झाली ती टोपीची आणि उशिराची. तो मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही, हे आम्हालाच माहीत. तेव्हापासून माझ्या टोळीत सुटी टोपी, गळ्यातलं लोंबतं ओळखपत्र, वरच्या खिशातला कागद काहीही चालत नसे. आणि पडलेली वस्तू गेली म्हणून सोडून द्यायची, हे मी पाळी सुरू होताना रोज म्हणायचो. नवीन माणूस असला की त्याच्याकडून म्हणून घ्यायचो.

सगळ्यात मोठी खूण म्हणजे विमानाच्या पोटाखाली आणि पाठीवर लुकलुकणारा लाल दिवा, बीकन. इंजिन सुरू करण्याआधी तो लागतो आणि इंजिन बंद झाल्यावर पायलट तो बंद करतो. दिवा लागलेला असेपर्यंत विमानाजवळ जायचं नाही. दिवा विझल्यावरही पंखा थांबायला वेळ लागतो, तेव्हा त्या पांढऱ्या रेघेकडे बघायचं आणि मग चाकांना ठोकळे लावायला जायचं. एवढं सोपं आहे. तरी माणसं चुकतात, कारण विमान थांबलं की ते बंद झालं असं मन ठरवून टाकतं.

एका संध्याकाळी असं झालं. विमान आलं, बेवर थांबलं, पण त्याचा एपीयू बिघडलेला होता. अशा वेळी जमिनीवरून वीज जोडेपर्यंत एक इंजिन चालू ठेवावं लागतं, नाहीतर विमानातली वीज जाते. जीपीयू यायला उशीर झाला. ए320च्या सामानाच्या खणांची दारं उजव्या बाजूला असतात, पुढचं दार इंजिनाच्या पुढ्यातच. बेल्ट लोडरवाल्याने विमान थांबलेलं पाहिलं आणि नेहमीच्या सवयीने गाडी पुढे काढली, मागे दोघं लोडर चालत. ओरडून उपयोग नव्हता. मी आडवा उभा राहिलो, दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरून. गाडीवाला चिडला. दुपारपासून त्याच्या मागे ‘लवकर, लवकर’ लागलेलं. मी वर बोट करून दिवा दाखवला. मग त्याचा चेहरा बदलला. आम्ही सगळे तसेच उभे राहिलो, जीपीयू आला, ठरलेल्या वाटेने जाऊन त्याची तार जोडली, इंजिन बंद झालं, दिवा गेला. किती मिनिटं गेली ते नंतर कागदावर आलं, कारण त्यांचा जाब विचारला गेला.

याच तऱ्हेने 31 डिसेंबर 2022ला अमेरिकेत माँटगोमेरी विमानतळावर एका कामगार बाईंचा जीव गेला. एम्ब्रेअर विमानाचा एपीयू चालत नव्हता, म्हणून इंजिन चालू. विमान येण्याआधी टोळीला दोनदा बजावलं होतं. बीकन लागलेला होता. तरीही घडलं. त्याचा अहवाल मी वाचला तेव्हा निवृत्त झालो होतो, आणि मनात आलं की नुसतं सांगून भागत नाही. सांगणं पाळीच्या सुरुवातीला होतं आणि पाऊल पडतं ते शेवटच्या घाईत. तिथे त्या क्षणी कोणीतरी आडवं उभं राहायला हवं.

मुंबईतली घटना तर आमच्याच दारातली. 16 डिसेंबर 2015, रात्री पावणेनऊच्या सुमारास, हैदराबादला निघालेलं ए319 विमान. पुशबॅक झाला होता, इंजिन चालू होतं आणि तंत्रज्ञ नाकाजवळ काम करत होता. जमिनीवर सगळं मोकळं आहे हा इशारा मिळायच्या आधीच विमान पुढे हललं आणि तो आत ओढला गेला. मी त्या रात्री घरी होतो. पहिला फोन आला तेव्हा मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्या माणसाचं काम मी स्वतः वर्षानुवर्षं केलेलं होतं. हेडसेट कानाला लावून नाकाच्या चाकाजवळ चालायचं, पायलटशी बोलायचं, टो-बार, म्हणजे ढकलायचा दांडा, सुटला की चाकाच्या स्टिअरिंगची पिन काढायची, हेडसेटची तार उपटायची, सरळ पुढे निघून बाजूला उभं राहायचं, लाल फीत लटकणारी ती पिन हात वर करून दाखवायची आणि पायलटने ती पाहिल्याची खूण केली की मगच काम संपलं. यातला बराच वेळ इंजिनं पाठीमागे असतात. तुमचा सगळा भरवसा काचेआड बसलेल्या त्या दोन माणसांवर, आणि त्यांचा तुमच्यावर. हेडसेटची तार काढली की तो बोलण्याचा दुवाही तुटतो, उरतात फक्त हातवारे.

त्या अपघाताने मी बदललो. त्याआधी मी सुरक्षेचं काम स्वतःपुरतं आणि आपल्या टोळीपुरतं चोख करणारा माणूस होतो. नंतर मी बोलू लागलो. नवा पायलट असो की जुना, पुशबॅकच्या आधी हेडसेटवर मी एक वाक्य नेमाने म्हणायचो: पिन दाखवल्यावर तुमची खूण येईपर्यंत मी जागेवरून हलणार नाही, तुम्हीही हलू नका. काहींना ते जादा वाटायचं. एका कॅप्टननी मात्र उतरल्यावर मुद्दाम गाठून सांगितलं की हे वाक्य ऐकल्यावर आपला हात आपोआप थांबतो. मला एवढंच हवं होतं.

घाईबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. छोट्या विमानाला आल्यापासून निघेपर्यंत अर्धा तास, कधी पंचवीस मिनिटं. त्यात प्रवासी उतरणार, सफाई होणार, सामान, इंधन, जेवण, पुन्हा प्रवासी. उशीर झाला तर तो कोणामुळे झाला ते लिहिलं जातं, आणि लिहिता लिहिता तो सगळ्यात खालच्या माणसाच्या नावावर येतो. इंजिनाच्या सगळ्यात जवळ उभा असतो तो लोडर, आणि बहुतेक ठिकाणी सगळ्यात कमी शिकवलेला, सगळ्यात कमी पगाराचा, कंत्राट बदललं की जाणारा तोच. माझ्यासारख्या तंत्रज्ञाला निदान परवान्याच्या साहेबांचा आधार असतो. हेडसेटवाला ‘थांबा’ म्हणाला तर पायलट थांबतो. लोडर ‘थांबा’ म्हणाला तर मुकादम ओरडतो. हे उलटं व्हायला पाहिजे असं मी प्रत्येक बैठकीत म्हटलं. थोडं बदललंही. पुरेसं नाही.

मागच्या झोताबद्दल थोडंच सांगतो, कारण तो निदान जाणवतो. थांबलेलं विमान हलवायला पायलट क्षणभर जास्त ताकद देतो, त्या वेळी मागे रिकामे कंटेनर, शिड्या, ट्रॉल्या हलतात. अशा एका झोताने सफाईच्या दोघी बाया पाठीवर पडलेल्या मी पाहिल्या, एकीचं मनगट मोडलं. त्या रस्ता ओलांडत होत्या आणि विमान त्यांच्यापासून बरंच लांब होतं.

रात्रीच्या इंजिन रनचं काम वेगळं. तेलाची गळती शोधायला काऊल, म्हणजे इंजिनाचं कवच, उघडून इंजिन चालवायचं आणि एका माणसाने ठरलेल्या वाटेने बाजूने आत जाऊन बघायचं. ती वाट अरुंद असते. गेलात तसंच मागे फिरायचं, पुढे एक पाऊलही नाही. 2006च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एल पासो इथे 737च्या अशाच तपासणीत एक मेकॅनिक गेला. तेलाची गळती बघायला ताकद वाढवलेली होती, तो उठून उभा राहिला आणि एक पाऊल पुढे गेलं. पहाटे तीन-चार वाजता डोकं जड झालेलं असताना हे काम करताना मी जोडीदाराशी एक करार केलेला असे: तो फक्त माझ्याकडे बघणार, इंजिनाकडे नाही. दोघांनीही गळती शोधायची नाही.

मुलं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवतात. आखाती युद्धाच्या काळात, फेब्रुवारी 1991मध्ये, विमानवाहू जहाजावर रात्री ए-6 विमानाच्या इंजिनात एक खलाशी ओढला जातो, ठिणग्या उडतात, आणि तो जिवंत बाहेर येतो. “बघा काका, वाचतो माणूस.” मी त्यांना समजावतो की ते जुन्या घडणीचं, अरुंद तोंडाचं इंजिन होतं. मध्ये पुढे आलेला सुळका होता, त्याला तो अडकला. त्याचं हेल्मेट आत जाऊन इंजिन बिघडलं आणि पायलटने ताकद तोडली. आज तुम्ही ज्या विमानांखाली उभे राहणार आहात, त्यांची पाती तोंडाशीच आहेत. तो व्हिडिओ पाहून मुलं धीट होतात, म्हणून मला त्याची भीती वाटते.

शरीरावर काय उरतं तेही सांगायला हवं. माझे कान गेले, पूर्ण नाही, वरच्या पट्टीचे. कर्जतच्या फलाटावर गाडीची घोषणा ऐकू येते पण कळत नाही. स, श, फ ही अक्षरं गळून पडतात. नातवंडं बोलतात तेव्हा मी त्यांच्या ओठांकडे बघतो. सुरुवातीच्या वर्षांत मफ कोणी नीट लावत नसे, कापूस कोंबायचो. मुलांना मी म्हणतो, नोकरीवर रुजू व्हायच्या आधी कानांची तपासणी करून कागद जपून ठेवा, म्हणजे पुढे किती गेलं ते दाखवता येईल. आणि आत प्लग, वर मफ, दोन्ही लावा. झोपेचंही तसंच. इथून जाऊन-येऊन करणाऱ्याचे प्रवासात तास जातात, त्यावर दुसऱ्याची पाळी अंगावर घेतली की चार पैसे मिळतात, पण अशा वेळी खडूची ती रेघ डोळ्यांपुढून पुसली जाते.

माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कर्जतजवळच्या गावची एक मुलगी एका विमानतळावर रॅम्पला लागली. अलीकडे ती सुट्टीच्या दिवशी आली. बीकन चालू असताना ट्रॉली पुढे नेणाऱ्या, तिच्यापेक्षा कितीतरी जुन्या ट्रॅक्टरवाल्याला तिने हात आडवे करून अडवलं होतं. सुपरवायझर सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले; उशीर तिच्या नावावर लिहायचीही भाषा झाली. तिला रडू येत होतं, पण ती तक्रार करायला आली नव्हती. सुरक्षा अहवाल कसा लिहितात, ते तिला शिकायचं होतं. आम्ही टेबलाशी बसलो. आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत: तारीख, वेळ, बे नंबर, कुठलं इंजिन चालू होतं, दिवा लागलेला होता, ट्रॉली किती अंतरावर थांबली. ट्रॅक्टरवाल्याचं नाव घालायचं का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, नको, नाव नको. त्या वेळी टोळीला किती मिनिटं दिली होती ते लिही. तिने ते लिहिलं, एक प्रत माझ्याकडे ठेवली आणि पनवेलच्या गाडीला निघाली. दुसऱ्या दिवशी तिची पहाटेची पाळी होती.